मास्टर भगवान : तालमीतून पडद्यावर

मास्टर भगवान, अर्थात भगवानदादा, यांचे नाव निघाले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहते. ठेंगणा, अंगाने भरलेला, चेहऱ्याने अगदी सामान्य असा एक माणूस एक हात किंचित उचलून जागच्या जागी ठेका धरतो आहे आणि शेजारी गीता बाली विजेसारखी चमकते आहे. चित्रपट अर्थातच १९५१ सालचा ‘अलबेला’. या चित्रामागची कथाही सर्वांना ठाऊक असते. गिरणी कामगाराचा मुलगा दहा-बारा वर्षे स्वस्तातले मारधाडीचे चित्रपट काढीत राहिला, मग एक सामाजिक चित्रपट काढून तो एकदम मोठा झाला, बंगला आणि गाड्या आल्या, आणि पुढे सारे गमावून तो पुन्हा चाळीत परतला. हे चरित्र इतके घोटले गेले आहे की त्यात शंका घेण्यास कोणाला जागाच दिसत नाही. शेखर सरतांडेल यांनी २०१६ साली त्यांच्या जीवनावर जो मराठी चित्रपट काढला, त्याचे नावदेखील ‘एक अलबेला’ असेच होते.

आमचा आक्षेप या कथेतील घटनांना नाही, तिच्या उताराला आहे. मारधाड म्हणजे खालची पायरी, सामाजिक चित्रपट म्हणजे वरची, आणि भगवान पहिली सोडून दुसरीवर चढले, असे ही कथा गृहीत धरते. आमच्या मते त्यांनी पहिली पायरी कधी सोडलीच नाही. ‘अलबेला’मध्ये जे काही अस्सल आहे ते त्या हिणवल्या गेलेल्या चित्रपटांतूनच आलेले आहे, आणि त्यांच्या कलेवरचा जो डाग आहे, तोही तेथूनच आलेला आहे. दोन्ही एकत्र पाहिल्याखेरीज या माणसाचे मोल ठरविता येणार नाही.

भगवान आभाजी पालव यांचा जन्म १९१३ सालचा, अमरावतीचा. वडील मुंबईत कापडगिरणीत कामाला. मुलाचे बालपण दादर-परळच्या गिरणगावात गेले. शिक्षण बेताचेच झाले. ओढ होती ती तालमीची आणि सिनेमाची. गिरणगावात या दोन गोष्टी एकमेकींपासून फार दूर नव्हत्या. मूकपटांच्या अखेरच्या वर्षांत पडद्यावर राज्य होते ते मास्टर विठ्ठल यांच्यासारख्या तलवारबहाद्दर नायकांचे, आणि परदेशी नटांपैकी डग्लस फेअरबँक्स याचे. बोलपट नसल्यामुळे नटाला उच्चार शुद्ध असण्याची गरज नव्हती; अंग चपळ असले म्हणजे पुरे होते. तालमीत घाम गाळणाऱ्या पोराला हा पडदा आपला वाटला तर नवल नाही. ‘बेवफा आशिक’ या मूकपटातून भगवान पडद्यावर आले, आणि १९३८ साली चंद्रराव कदम यांच्या जोडीने त्यांनी ‘बहादुर किसान’ दिग्दर्शित केला. तेव्हापासून १९४९ पर्यंत मारधाडीच्या चित्रपटांची एक लांबलचक रांगच त्यांनी लावली. दिग्दर्शक तेच आणि बहुतेक वेळा पडद्यावर झुंजणारेही तेच. पोशाख ठरवण्यापासून मंडळींच्या जेवणापर्यंतची व्यवस्थाही स्वतःच पाहत असत. पैसा थोडा, दिवस थोडे, आणि प्रेक्षक ठरलेला : पाळी संपवून आलेला कामगार.

या चित्रपटांविषयी मराठी समीक्षेत काही लिहिलेले फारसे सापडत नाही. ते साल आठवून पाहावे. ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ १९३६ चा, ‘कुंकू’ १९३७ चा, ‘माणूस’ १९३९ चा. मराठी सुशिक्षितांचे लक्ष तिकडे होते आणि ते योग्यच होते; त्या चित्रपटांची योग्यता आम्ही कमी लेखत नाही. परंतु त्याच वर्षांत वाडिया बंधूंच्या नादियाने ‘हंटरवाली’ (१९३५) होऊन हजारो लोकांना खुर्च्यांवरून उठविले होते, आणि भगवान त्याच प्रेक्षकांसाठी राबत होते, याची नोंद घेण्यास आपल्या समीक्षेला सवड झाली नाही.

येथे आमच्या वाचकांस एका दस्तऐवजाची आठवण द्यावीशी वाटते. पोप अकरावे पायस यांनी जून १९३६ मध्ये चलच्चित्रांविषयी ‘विजिलान्ती कुरा’ हे परिपत्रक काढले. त्यातील अनीतिमान चित्रपटांविरुद्धचा इशारा पुष्कळांच्या लक्षात राहिला आणि तो घरोघरी सांगितलाही गेला. ‘स्टंट’ चित्रपट म्हणजे मुलांनी पाहू नये अशी वस्तू, ही समजूत आपल्या अनेक घरांतून बरीच वर्षे टिकली. परंतु त्याच परिपत्रकात असेही म्हटले आहे की आधुनिक उद्योगधंद्यांत थकून जाणाऱ्या श्रमिकांना करमणूक ही एक गरजच होऊन बसली आहे. मात्र ती माणसाच्या विवेकी स्वभावास शोभेल अशी असावी. हे दुसरे वाक्य जणू परळ-लालबागकडे पाहूनच लिहिले असावे. भगवान यांच्या चित्रपटांना हे माप लावायचे तर दोन प्रश्न विचारावे लागतील : त्यांनी थकलेल्या माणसाला खरोखर काही दिले काय, आणि जे दिले ते माणसाला शोभणारे होते काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्यात मोठी अडचण आहे. ते चित्रपट आज आपणांस पाहावयास मिळत नाहीत. त्या काळची फिल्म नायट्रेटची, सहज पेट घेणारी. भगवान यांच्या बहुतेक चित्रपटांच्या निगेटिव्ह आगीत गेल्या. ही काही त्यांच्या एकट्याची शोकांतिका नव्हे. आपल्याकडे सुमारे १३०० मूकपट निघाले, त्यांतले हाताच्या बोटांवर मोजावे इतके उरले. ‘आलम आरा’ (१९३१) या पहिल्या बोलपटाची प्रतही उपलब्ध नाही. पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी जिवाचे रान करून पुष्कळ काही वाचविले. पण तोवर कितीतरी चित्रपट जळाले होते, कुजले होते, आणि कितीतरी त्यांतल्या चांदीसाठी भंगारात गेले होते. त्यातही गरिबांसाठी काढलेले चित्रपट आधी गेले, कारण ते जपून ठेवावेत असे कोणास वाटलेच नव्हते. तेव्हा भगवान यांना केवळ ‘अलबेला’वरून ओळखण्यात आपली रसिकता थोडी आणि आगीची करणी जास्त, हे ध्यानात ठेवलेले बरे.

तरीही मारधाडीच्या चित्रपटात दिग्दर्शक स्वतःच लढतो तेव्हा काय घडते, याचा विचार करता येण्यासारखा आहे. पडद्यावरची मारामारी हे दोघांचे काम असते. मारणाऱ्याचा हात चेहऱ्यासमोरून जातो, मार खाणारा त्याच क्षणी मान फिरवतो, आणि कॅमेरा अशा कोनात बसवलेला असतो की मधली फट प्रेक्षकास दिसू नये. यात मारणाऱ्यापेक्षा मार खाणाऱ्याचे कसब मोठे. तालमीत गेलेल्याला हे सांगावे लागत नाही. कुस्तीत डाव टाकण्याआधी पडायला शिकवतात. आमच्या हिंगोली जिल्ह्यात जत्रेतल्या कुस्त्यांच्या फडाभोवती बसणाऱ्या मंडळींना ही गोष्ट चांगली ठाऊक असते. उंचावरून उडी घेणे, घोड्यावरून पडणे, हे सारे भगवान बदली माणूस न घेता स्वतः करीत. राज कपूर त्यांना हिंदुस्थानी डग्लस म्हणत असे सांगितले जाते. पण धोका पत्करणारा दिग्दर्शक स्वतःच पडद्यावर असला म्हणजे एक निराळेच संकट उभे राहते. ज्याने ‘पुरे’ म्हणायचे, तोच झुंजीच्या भरात असतो. स्वतःच्या हाडांची पर्वा न करणाऱ्याला दुसऱ्याच्या हाडांची पर्वा राहीलच असे नाही.

हे आम्ही हवेत बोलत नाही. १९४२ साली ‘जंग-ए-आझादी’ या चित्रपटाच्या चित्रीकरणात एका प्रसंगी भगवान यांनी ललिता पवार यांना थप्पड मारायची होती. ती खरोखरच बसली, आणि फार जोराने बसली. त्यांच्या चेहऱ्याला पक्षाघात झाला, डाव्या डोळ्याची शीर तुटली. सुमारे तीन वर्षे उपचार चालले आणि डोळा कायमचा अधू राहिला. येवल्यात जन्मलेली ही गुणी मुलगी मूकपटांच्या काळापासून काम करीत होती, नायिका होती. त्या दिवसानंतर तिचे नायिकापद संपले.

या प्रसंगाचे वर्णन करताना पुष्कळदा भगवान तेव्हा नवखे होते, अननुभवामुळे हात जोरात लागला, असे सांगण्यात येते. ही सबब टिकत नाही. १९४२ साली त्यांना पडद्यावर येऊन दहा वर्षे उलटली होती आणि पहिला चित्रपट दिग्दर्शित करून चार. मारामारी हाच त्यांचा धंदा होता. तेथे हेतू वाईट होता असे कोणी म्हटलेले नाही आणि आम्हीही म्हणत नाही. परंतु अपघात आणि हलगर्जी यांत फरक असतो, आणि कसबी माणसाची हलगर्जी नवख्याच्या चुकीपेक्षा जड असते. भगवान यांच्यावर प्रेम करणाऱ्या लेखकांनी हा प्रसंग तळटीपेत ढकलला आणि ललिता पवार यांच्या चरित्रात तोच मध्यभागी आला. एकच थप्पड, पण तिची नोंद दोन वह्यांत अशी निरनिराळी व्हावी, हे आम्हांस खटकते.

ललिता पवार यांनी पुढे त्या अधू डोळ्यातूनच खाष्ट सासू उभी केली, कजाग शेजारीण उभी केली, आणि १९८७ साली दूरदर्शनवरच्या ‘रामायण’मध्ये मंथरा साकारली. पण आमच्या वाचकांना त्यांची खरी ओळख असेल ती ‘अनाडी’ (१९५९) मधल्या मिसेस डीसा यांच्यामुळे. हृषीकेश मुखर्जी यांच्या त्या चित्रपटात बाहेरून कडक आणि आतून लोण्यासारखी मऊ अशी ही ख्रिस्ती घरमालकीण आहे. भाडे थकविणाऱ्या राजला ओरडणारी आणि त्यालाच पोटच्या पोरासारखे जेवू घालणारी. हिंदी चित्रपटांतल्या ख्रिस्ती व्यक्ती बहुधा दारूच्या बाटलीशेजारी किंवा नाचगाण्यात सापडतात. मिसेस डीसा त्याला फार मोठा अपवाद होत्या. त्या भूमिकेला फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. त्यांचा तो बारीक झालेला डावा डोळा त्या कडकपणाला आणि त्या मायेला असा काही शोभतो की तो मुळात जखमेचा आहे याचा विसर पडतो. जखमेतून कला निर्माण झाली असे म्हणून मारणाऱ्याचा हात मात्र सोडविता येत नाही. ती कला ललिता पवार यांची होती.

मारधाडीच्या चित्रपटाचा कस आमच्या मते येथेच लागतो : आपल्या माराचे वजन त्याला कळते काय? पुढे मराठी मातीतल्याच आणखी एका नटाने दिग्दर्शक होऊन हा प्रश्न सरळ विचारला. नाना पाटेकर यांच्या ‘प्रहार’ (१९९१) मध्ये मेजर चव्हाणची भूमिका त्यांचीच आहे. त्याच्या हाताखाली शिकलेला पीटर डिसोझा ओलिसांची सुटका करताना पाय गमावतो, आणि नंतर आपल्याच वस्तीत हप्ता मागणाऱ्या गुंडांकडून मारला जातो. हबीब तन्वीर यांनी उभा केलेला त्याचा बाप आणि ते साधे ख्रिस्ती घर आमच्या वाचकांनी अवश्य पाहावे. त्या चित्रपटाचा शेवटचा उपाय आम्हांस मान्य नाही. पण तेथे प्रत्येक प्रहाराची किंमत कोणीतरी मोजतो, हे खरे. भगवान यांच्या पिढीला असा हिशेब ठेवण्याची सवय नव्हती. मार हा खेळ होता, आणि खेळात लागतेच, ही तालमीची समजूत त्यांनी स्टुडिओत नेली.

आता दुसरी बाजू. या वर्षांत भगवान यांना एक सोबती मिळाला होता : पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच संगीतकार सी. रामचंद्र. भगवान यांनी ‘जयक्कोडी’ (१९३९) आणि ‘वनमोहिनी’ (१९४१) हे दोन तमिळ चित्रपट दिग्दर्शित केले, त्यांना संगीत याच तरुणाचे होते. मुंबईतला हा कामगाराचा मुलगा भाषा येत नसलेल्या मुलखात जाऊन चित्रपट काढून आला, यावरूनही त्याचे माध्यम शब्द नव्हते हे दिसते. हिंदीत सी. रामचंद्र यांची संगीतकार म्हणून सुरुवात झाली तीही भगवान यांच्याच ‘सुखी जीवन’ (१९४२) पासून. त्याच सुमारास भगवान निर्माते झाले, आणि १९४७ साली चेंबूरला ‘जागृती स्टुडिओ’ त्यांनी उभा केला. महायुद्धाच्या काळात कच्च्या फिल्मवर सरकारी नियंत्रण आले होते, चित्रपटाची लांबी ११,००० फुटांवर आणली गेली होती. मोठमोठ्या कंपन्या हैराण झाल्या. थोडक्यात काम उरकण्याची सवय असलेल्या भगवान यांना हा काळ फारसा जड गेलेला दिसत नाही.

मग ‘अलबेला’ आला. सामाजिक चित्रपट काढावा असे राज कपूर यांनी सुचविले, असे म्हणतात. १९५१ हे वर्षच थोर. राज कपूर यांचा ‘आवारा’ त्याच वर्षीचा, गुरुदत्त यांचा ‘बाझी’ही त्याच वर्षीचा, आणि ‘बाझी’तही गीता बाली होत्याच. एवढ्या गर्दीत ‘अलबेला’ने अफाट यश मिळविले.

कथा साधी. प्यारेलाल हा गरीब घरातला, नाटकाचे वेड असलेला पोरगा. बहिणीच्या लग्नासाठी ठरलेली रक्कम त्याला जमविता येत नाही, आणि बाप त्याला घराबाहेर काढतो. नामवंत होऊनच परत येईन असे म्हणून तो जातो, रंगभूमीवर आशा नावाच्या नटीच्या साथीने यशस्वी होतो, घरी पैसे आणि भेटी पाठवीत राहतो. ते मध्येच हडपले जातात. तो परततो तेव्हा आई जगात नसते आणि घर धुळीस मिळालेले असते.

शुभवर्तमान वाचणाऱ्यास ही कथा उलटी केलेली उधळ्या पुत्राची कथा वाटल्यावाचून राहणार नाही. संत लूक यांच्या १५ व्या अध्यायात मुलगा आपला वाटा मागून घेतो, उधळतो, आणि रिकाम्या हाताने परत येतो. बाप रस्त्याकडे डोळे लावून बसलेला असतो. येथे मुलाजवळ वाटा मागण्यासारखे काही नव्हतेच. बापच त्याला घालवितो, मुलगा कमावून परततो, आणि उघडे दार घेऊन बसलेले कोणीच उरलेले नसते. गिरणगावातल्या प्रेक्षकाला, गावाकडे मनिऑर्डर पाठवून ती पोचली की नाही याची वाट पाहणाऱ्याला, हे किती लागले असेल! मराठवाड्यातून ऊसतोडीला किंवा शहरात कामाला गेलेल्या कुटुंबांना आजही हे समजावून सांगावे लागणार नाही. पैसा घरी पोचला नाही, आणि माणूस पोचला तेव्हा उशीर झाला होता, यापलीकडे या कथेत काही नाही. आणि तेवढे पुष्कळ आहे.

कथनाच्या दृष्टीने मात्र चित्रपट सैल आहे. विनोद ताणलेले आहेत, खलपुरुष कागदी आहे, आणि उत्तरार्धात दुःखावर दुःख रचताना दिग्दर्शकाचा तोल जातो. प्यारेलालच्या भोळेपणावर दिग्दर्शकाचे अंमळ जास्तच प्रेम आहे. नट आणि दिग्दर्शक एकच असल्याचा हा नेहमीचा तोटा. हे दोष आम्ही झाकणार नाही. पण नाच सुरू झाला की हे सारे मागे पडते, आणि तो नाच बारकाईने पाहण्यासारखा आहे.

भगवान नाचताना फारसे हलत नाहीत. गुडघ्यांत किंचित वाकलेले, वजन दोन्ही पायांवर सारखे, हात पुढे किंवा कानाच्या उंचीवर, पाऊल आखूड. कुस्तीत डाव लागण्यापूर्वी जी खडाखडी चालते, जोडीदाराचा अंदाज घेत पैलवान ज्या पवित्र्यात फिरतो, त्याच पवित्र्याला ताल मिळाला की तो नाच होतो, असे आम्हांस वाटते. ‘शोला जो भडके’ या गाण्यात गीता बाली यांचे अंग चारी बाजूंनी खेळत असते आणि भगवान मध्यभागी खांबासारखे असतात. त्यांच्या स्थिरपणामुळेच तिची चपळाई दिसते. पडद्यावरच्या झुंजीत मार खाणाऱ्याने मारणाऱ्याला मोठे करायचे असते, हे कसब ज्याने वर्षानुवर्षे केले, त्यालाच हे सुचावे. जोडीदाराला सांभाळून घेणे १९४२ साली त्या एका क्षणी सुटले होते. १९५१ साली ते प्रत्येक पावलात आहे. या दोहोंमध्ये त्यांच्या मनात काही घडले होते काय, हे आम्ही कसे सांगणार? पडद्यावर जे दिसते ते तेवढे सांगतो.

आणखी एक. हा नाच कोणालाही जमतो. त्याला शिकवणी नको, उंची नको, सडपातळ बांधा नको, जागादेखील नको. गणपतीच्या मिरवणुकीत अरुंद गल्लीत, लग्नाच्या वरातीत बँडपुढे, चहूबाजूंनी माणसे दाटलेली असताना जो नाच महाराष्ट्रात नाचला जातो, तो बव्हंशी हाच. हिंगोलीच्या रामलीला मैदानावरच्या दसऱ्याच्या गर्दीत आणि आपल्या लोकांच्या लग्नातही तो दिसतो. पुढे अमिताभ बच्चन यांच्यासारख्या उंच नटानेही त्याची छाप स्वीकारली. पण नाचणाऱ्यांपैकी किती जणांना त्याच्या मालकाचे नाव ठाऊक असते?

नाव नसण्याच्या बाबतीत आमच्या समाजाचाही एक धागा येथे गुंतलेला आहे. ‘अलबेला’च्या संगीतात जो नवा उत्साह होता, बाँगो, माराकास, क्लॅरिनेट, ट्रम्पेट यांचा जो जल्लोष होता, तो वाजविणारे हात मोठ्या प्रमाणावर गोव्याच्या ख्रिस्ती वादकांचे होते. गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून मुलांना सुरलिपी आणि व्हायोलिन शिकविण्याची जुनी परंपरा होती. त्या शिक्षणावर ही मंडळी मुंबईस आली, रात्री हॉटेलांतून जाझ वाजवू लागली आणि दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात बसू लागली. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड ही नावे आता थोडीफार ऐकू येतात. सी. रामचंद्र यांच्यासोबत होते ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, मूळ नाव आंतोनियो झेवियर वाझ. ‘अलबेला’मध्ये एका गाण्यात ते आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसतात. हा क्षण आम्हांस मोलाचा वाटतो. संगीतकार नगर जिल्ह्यातला, नायक-दिग्दर्शक गिरणगावातला, नायिका अमृतसरची, शब्द राजेंद्र कृष्ण यांचे, आणि मागे गोव्याचा ट्रम्पेट. वादकाला पडद्यावर आणून उभे करण्याची बुद्धी भगवान यांना झाली, याचे कारणही त्यांच्या जुन्या धंद्यात असावे. बदली माणसे, घोडे सांभाळणारे, मार खाणारे, अशा ज्यांची नावे कधी झळकत नाहीत त्या मंडळींतच त्यांचे आयुष्य गेले होते.

पुढचा इतिहास भराभर सांगून टाकावा असाच आहे. ‘झमेला’ (१९५३) मध्ये पुन्हा गीता बाली, पुन्हा सी. रामचंद्र, पण पुन्हा ‘अलबेला’ झाला नाही. ‘भागमभाग’ (१९५६) मध्ये किशोरकुमार होते आणि संगीत ओ. पी. नय्यर यांचे. ‘हँसते रहना’ अपुरा राहिला आणि त्यात पैसा बुडाला. जुहूचा पंचवीस खोल्यांचा बंगला गेला, गाड्या गेल्या, स्टुडिओ गेला, आणि भगवानदादा दादरच्या चाळीत राहावयास आले. त्यांच्या या पतनाच्या कथा चवीने सांगितल्या जातात; सात दिवसांच्या सात गाड्यांची कथा तर प्रत्येक लेखात असते. आम्हांस त्यात रस नाही. चाळीतून आलेला माणूस चाळीत परतला यात लाज त्याची नव्हे. नफ्याच्या दिवसांत ज्यांनी त्याच्याभोवती गर्दी केली आणि नंतर पाठ फिरविली, त्यांनी हवी तर ती आपली मानावी.

त्याहून आम्हांस बोचते ती त्यांची अखेरची कामे. ४ फेब्रुवारी २००२ रोजी वयाच्या ८८ व्या वर्षी ते वारले. त्याआधीची कित्येक दशके ते हिंदी-मराठी चित्रपटांतून लहानसहान भूमिका करीत होते. कधी हवालदार, कधी दारुडा, कधी नुसता गर्दीतला म्हातारा. पुष्कळदा त्यांच्या वाट्यास एवढेच येई की कोणाच्या तरी गाण्यात मध्येच दिसायचे आणि आपला तो जुना नाच करून दाखवायचा. प्रेक्षक हसत, टाळ्या वाजवीत, आणि कॅमेरा पुन्हा तरुण नायकाकडे वळे. ज्या माणसाने कॅमेरा कोठे ठेवायचा हे ठरविण्यात आयुष्याची उमेदीची वर्षे घालविली, त्याला इतरांच्या कॅमेऱ्यापुढे काही सेकंद उभे करण्यात येई. ते तुकडे आज पाहावेत. वय झालेले, पोट सुटलेले, चेहऱ्यावर तेच भोळे हसू. पण गुडघे अजूनही किंचित वाकलेले असतात, वजन दोन्ही पायांवर सारखे असते, आणि शेजारी नाचणाऱ्याला धक्का लागू नये म्हणून कोपर अंगाशी धरलेले असते.